जनामामाचं दरपत्रक

आमच्या घरात पलंग एकच होता, आणि त्यावर कीबोर्ड झोपायचा. आई, बाबा, मी, माझा धाकटा भाऊ आणि त्या कीबोर्डचा मालक, म्हणजे आईचा सख्खा भाऊ जनामामा, असे आम्ही पाच जण खाली सतरंजीवर. कौलं गळायला लागली की आईचं पहिलं घमेलं पलंगापाशी जायचं, दुसरं आमच्यापाशी. एकदा मला ताप आला म्हणून आईनं मला पलंगावर निजवलं, तर मामा तीन दिवस कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला. आल्या-गेल्याला दोघांचीही खबर द्यायचा. "पोरीचा उतरला. ह्याला अजून जरा दमट वाटतंय."

बाबा रेवसच्या लाँचवर खलाशी होते. आई सुकट नि बोंबील टोपलीत घालून धक्क्यावर विकायला बसायची. मामा बेंजो पार्टीत होता. आमच्याकडे हळद बेंजोशिवाय लागत नाही. एक बेंजो, एक कीबोर्ड, ढोलकी, ताशा, आणि टेम्पोवर चढवलेले कर्णे. एवढ्यावर अख्खा गाव नाचतो. मामा नुसता वाजवायचा नाही, चाली स्वतः करायचा. लग्न मात्र त्यानं केलं नाही. आईनं विषय काढला की म्हणायचा, "तायडे, पलंग एकच हाय."

मी सातवीत असताना मांडव्याच्या बाजूला एका बंगल्यात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. त्यातला एक माणूस आमच्या गावच्या हळदीला आला, नाचला, आणि दुसऱ्या दिवशी पाच हजार रुपये आणि एक इंग्रजी कागद घेऊन घरी आला. कालची एक चाल त्याला हवी होती. कागद वाचायचा कुणी? माझं इंग्रजी तेव्हा गाईवर दहा ओळींपर्यंत पोचलेलं. मामानं सही केली. त्या पैशात घराची एक बाजू शाकारून झाली.

सिनेमा आला, गाणं गाजलं. नाव दुसऱ्याचंच. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, कारण नाव असतं हेच माहीत नव्हतं. खरी पंचाईत पुढे झाली. प्रत्येक हळदीत त्या गाण्याची फर्माईश व्हायची, आणि ती झाली की मामा कीबोर्डवरून हात काढायचा, टेम्पोवरून खाली उतरायचा, आणि पाण्याच्या पिंपापाशी जाऊन ग्लास धरून उभा राहायचा. बाकीची पार्टी वाजवायची, लोक घामाघूम होऊन नाचायचे, आणि ज्यानं ते केलं तो पिंपापाशी. गाणं संपलं की ग्लास पालथा घालून पुन्हा वर.

"अरे, तुझंच हाय ना ते?" नवऱ्याचा काका ओरडायचा.

"होतं. आता विकलंय. दुसऱ्याच्या वाडीतला नारळ मी कसा पाडू?"

लोकांना ही गंमत वाटायची. काही जण त्याला पिंपाकडे पाठवायलाच ती फर्माईश करायचे.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, आणि पुन्हा लिहायची वेळ आली तर पुन्हा लिहीन. अलिबागला कॉलेजात जायला पहाटेची एसटी, परत आल्यावर आईबरोबर सुकट निवडायची, आणि अंगाला त्याचा वास येतो म्हणून बाकावर एकटीनं बसायचं, असं तीन वर्षं काढून झाले. निकालाच्या दिवसापासून मामानं माझं नाव टाकून दिलं. "ए ग्रॅज्वेट, चहा टाक." "ग्रॅज्वेट, माझा चष्मा बघितलास का गो?"

निकालानंतर पहिली गोष्ट मी कुठली केली असेल, तर ट्रंकेतून तो इंग्रजी कागद काढून वाचला. मामासमोर. एकेक ओळ मराठीत सांगत.

"सर्व हक्क, कायमचे, संपूर्ण विश्वात," मी म्हणाले.

"विश्वात म्हंजे?"

"म्हणजे सगळीकडे. चंद्रावरसुद्धा."

मामानं जरा विचार केला. "चंद्रावर हळद असते का गो?"

"मामा, मस्करी नाही. तू चाल विकलीस. विकायची नसते, वापरायला द्यायची असते. लायसन्स म्हणतात त्याला. कशासाठी, किती वर्षं, कुठे, हे सगळं ठरवून." मी कॉलेजातल्या वहीतलं आठवेल तेवढं सांगितलं. मालकी, परवानगी, मुदत, मोबदला. सांगताना माझंच मला कळेनासं झालं.

मामा मात्र ताडकन उठला. "हात् तिच्या! आंब्याचं झाड!"

आमच्याकडे ज्यांची आंब्याची झाडं आहेत ते सहसा स्वतः आंबे विकत बसत नाहीत. मोहोर धरला की व्यापारी येतो, झाडाखाली उभा राहून मान वर करतो, आणि त्या हंगामाचा भाव ठरतो. आंबे त्यानं उतरवायचे, त्यानं न्यायचे. झाड जागच्या जागी, मालकाचं. फांदी तोडायची नाही. शिवाय दोन-तीन पाट्या आंबे मालकाच्या घरी खायला ठेवून जायचे, त्यांना घरखाऊ म्हणतात. पुढच्या वर्षी नवा मोहोर, नवा भाव. हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. मी तीन वर्षं शिकून जे सांगू शकले नाही ते मामाला आधीच येत होतं. फक्त ते चालीला लागू पडतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मामा बागायतदार झाला. पार्टी तोवर मोडलीच होती. ढोलकीवाला आखातात गेला, बेंजोवाल्यानं रिक्षा घेतली. मी मामाच्या चाली मोबाइलवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर चढवायला लागले. कॉलेजची पोरं छोटे छोटे सिनेमे करतात, त्यांचे फोन यायला लागले. आणि मग मामानं होड्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून एक पाटी करून घेतली आणि दाराशी लावली. वर मोठ्या अक्षरांत "दरपत्रक". खाली पळणे, मारामारी, भूत, प्रेम, रडणे, आणि समोर भाव. सगळ्यात महाग भूत. का, तर "भुताला सूर कमी लागतात, पण धीर जास्त लागतो." सगळ्यात स्वस्त रडणे. "रडू लोकांनी घरून आणलेलं असतंय. मी नुसतं बोट ठेवतो." देवाच्या प्रसंगापुढे भाव नव्हता, "समजून द्या" असं लिहिलं होतं. पेंटरनं सवयीनं कोपऱ्यात एक छोटा मासाही काढून दिला.

फोन आला की मामा नाव-गाव विचारत नसे. चाल कुठल्या प्रसंगाखाली वाजणार हे कळायला त्याचा पहिला प्रश्न, "बाजाखाली कोण मरतंय?"

"कोणी मरत नाही काका, तो मुलगा फक्त खिडकीत उभा आहे."

"किती वेळ उभा हाय?"

"चाळीस सेकंद."

"मग काहीतरी मेलंय त्याचं. प्रेमात धरू का रडण्यात?"

एका पोरानं हिशेब झाल्यावर हुज्जत घातली, की तुमच्या तुकड्यात मध्ये आठ सेकंद काहीच वाजत नाही, त्याचे पैसे कशाला. मामा शांतपणे म्हणाला, "बरं. ती शांतता काढून घे आणि मग वाजवून बघ." पोरानं बघितलं असावं. संध्याकाळी पूर्ण पैसे आले.

कागद मी लिहायचे. एका सिनेमापुरतं, एवढी वर्षं, नाव द्यायचं. लिहून झालं की मामा मला तो पूर्ण वाचायला लावायचा, मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असा. समजायचं नाही त्याला अर्धं. पण माझा श्वास घ्यायचा कुठे हे तो बोटानं दाखवायचा.

अशी दोनेक वर्षं गेली आणि पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. मोबाइलवरचे खेळ करणारी कंपनी. बोलणारी मुलगी माझ्याच वयाची, शर्वरी नावाची. त्यांच्या नव्या खेळात एक बाई होडी चालवते, बेटाबेटांवरची माणसं इकडून तिकडे पोचवते. होडी धक्क्याला लागली की एक धून वाजायला हवी. इंटरनेटवरची मामाची एक चाल त्यांनी ऐकली होती आणि त्यांना तीच हवी होती.

"बाजाखाली कोण मरतंय?" मामानं विचारलं.

"कोणीच नाही. सगळे घरी पोचतात."

मामानं वळून दाराकडे बघितलं. पाटीवर हे नव्हतं.

कंपनीनं भाव स्वतःच सांगितला, साडेतीन लाख. आईनं हातातलं सुकटीचं सूप खाली ठेवलं. पण तीन दिवसांनी कागद आला, तो मी वाचला, आणि त्यात तेच होतं. सर्व हक्क, कायमचे, संपूर्ण विश्वात.

"झाड मागतायत," मी म्हणाले.

"झाड न्हाय द्यायचं," मामा म्हणाला.

"साडेतीन लाखात घरावर स्लॅब पडतो," आई म्हणाली. "जना, किती वर्षं मी घमेली हलवू? तुझी चाल काय, उद्या दुसरी करशील."

आईचं खोटं नव्हतं. मलाही एक क्षण वाटलं, की घ्यावेत आणि मोकळं व्हावं. पण मला पिंपाजवळचा तो ग्लास दिसत होता. ही चाल गेली तर मामा ती घरातसुद्धा वाजवणार नाही, हे मला ठाऊक होतं. तो तसलाच माणूस आहे.

मी उत्तर लिहायला बसले. मामा शेजारी उभा राहून सांगत होता, मी इंग्रजीत घालत होते. या एकाच खेळापुरती. फांदी तोडायची नाही, म्हणजे चालीत काटछाट विचारल्याशिवाय नाही. घरखाऊ ठेवायचे, म्हणजे मामा स्वतः कुठेही, कुणाच्याही हळदीत ती वाजवेल. मुदत पाच मोहोर. आता सांगायला लाज वाटते, पण मी त्या ओघात खरोखरच "पाच मोहोरांपुरती" असंच इंग्रजीत लिहून पाठवलं. मामाचं सगळं मी बदललं, आणि नेमकं तेवढं बदलायचं राहिलं. कंपनीच्या वकिलाचं उत्तर एका ओळीचं आलं, कृपया कुठलं फूल ते स्पष्ट करावं.

मी घाईघाईनं "पाच वर्षं" असं दुरुस्त करून पाठवलं. त्यानंतर अकरा दिवस काहीच नाही.

त्या अकरा दिवसांत आई आमच्या दोघांशी बोलली नाही. ताटं समोर यायची, पण आदळून. बाबांना मी विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूनं? ते म्हणाले, "मी लाँचवरचा माणूस. मला दोन्ही धक्के सारखे." मामा रोज सकाळी फडक्यानं दरपत्रक पुसायचा. आणि मी मनातल्या मनात पाच वर्षं खोडून कायमचे, कायमचे खोडून पाच वर्षं करत बसायचे. साडेतीन लाख रुपये माझ्या शहाणपणापायी गेले तर मी आईला तोंड कसं दाखवणार होते?

बाराव्या दिवशी दुपारी शर्वरीचा फोन आला. मी स्पीकर लावला. आई भांडी घासायची थांबली.

"तुमच्या अटी मान्य आहेत," शर्वरी म्हणाली. "एक खेळ, पाच वर्षं, काटछाट नाही, काकांनी कुठेही वाजवावं. पण मग रक्कम साडेतीन नाही होणार. एक लाख वीस."

मी मामाकडे बघितलं. मामानं आईकडे. आई बराच वेळ तवा घासत राहिली, आणि मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "झाड राहतंय ना? मग घ्या."

मी हो म्हणाले. शर्वरी पुढे बोलत होती. "आता फक्त नावं भरायची. आणि एक विचारायचं होतं, त्या धुनेच्या खाली जो टक-टक ठेका आहे ना, तो कशाचा आहे? आमचा साउंडवाला वेडा झालाय. त्याला ते वाद्यच सापडत नाहीये."

मामानं पलंगावरच्या कीबोर्डकडे बघितलं.

"काका?"

"डबा हाय," मामा म्हणाला.

"कसला डबा?"

"दुधाच्या पावडरीचा. कुवेतचा." मग एकदम माझ्याकडे वळून, "ग्रॅज्वेट, कागद थांबव. अर्धं झाड रफिकचं हाय."

रफिक म्हणजे आमच्या पार्टीचा ढोलकीवाला, तो आखातात गेला म्हणाले ना, तो. आमच्याच गावचा. तिकडे कुठल्याशा कंपनीत एसी दुरुस्त करतो, दोन वर्षांतून एकदा येतो. मी शर्वरीला जरा वेळानं फोन करते म्हणून सांगितलं आणि मामावर घसरले.

"अकरा दिवस मी उत्तराची वाट बघतेय मामा! अकरा दिवस! तेव्हा हा डबा कुठे होता?"

"तू इचारलंस किती वर्षं. तिनं इचारलं किती पैसे. मी इचारलं कोण मरतंय," मामा म्हणाला. "कुणासंगं केलंस, ते कुणी इचारलंच न्हाय."

मग त्यानं सांगितलं. शुक्रवारी रफिकला सुट्टी. नमाज, जेवण झालं की तो खोलीतला डबा मांडीवर घेतो आणि मामाला फोन लावतो. सहा वर्षं. पहिल्यांदा त्यांनी फोनवरच एकत्र वाजवायचा प्रयत्न केला, पण जमेना. "त्याचं मना उशिरा येतंय, माझं त्याला उशिरा. दोघं वाजवतोय, पण संगं वाजतच न्हाय. मधी समुद्र हाय ना." म्हणून रफिक आधी नुसता ठेका वाजवून पाठवतो. मामा तो कानाला लावतो आणि त्याच्यावर कीबोर्ड वाजवतो. "मग कसं, तो बाजूलाच बसल्यासारखा वाटतो." ती धक्क्याची चाल तशी झाली होती. मी इंटरनेटवर चढवलेल्या बहुतेक चाली तशाच झाल्या होत्या. मला वाटत होतं ठेका कीबोर्डमधलाच आहे. त्याच खोलीत राहून सहा वर्षांत मला, शिकलेलीला, हे कळलं नव्हतं.

"दुसरा ढोलकीवाला का नाही घेतलास रे?" आईनं विचारलं.

मामा म्हणाला, "तायडे, रफिक सुट्टीवर येतो तेव्हा त्याला जागा नको काय?"

आई उठून आत गेली.

आम्ही रफिकला व्हिडिओ लावला. तो गणवेशातच होता, कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, मागे एसींची रांग. मी सगळं समजावून सांगितलं. तो हसतच सुटला.

"अरे जना, पागल झालास काय? डबा वाजवायचे पैसे घेऊ मी? इथं लोक हसतील माझ्यावर."

"पैसे नको तर नको घेऊस. कुणाला द्यायचे त्याला दे. नाव दे."

"नाव काय करायचंय रे?"

"कागदावर माझं एकट्याचं बरं दिसत न्हाय."

रफिक हसायचा थांबला. मागून कुणीतरी त्याला हाक मारत होतं, त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं. मग डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "मग पुढं अब्बांचं नाव पण घाल. इस्माईल. ढोलकी त्यांनीच शिकवली होती."

शर्वरीला मी सांगितलं. दोन संगीतकार, दोन सह्या, रक्कम निम्मी निम्मी. ती म्हणाली, यात अडचण काहीच नाही, आधी का नाही बोललात? मी म्हणाले, कुणी विचारलं नव्हतं.

करारावर पहिली सही कुवेतहून आली. दुसरी मामानं आमच्या पलंगावर बसून केली. मी शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवल्यावरच. साठ हजारांत स्लॅब झाला नाही. छपराला नवे पत्रे आले, आणि आता ते गळत नाही.

खेळ बाजारात आला आहे. शेवटी नावं येतात, तिथं लिहिलं आहे, संगीत: जनार्दन धर्मा आणि रफिक इस्माईल. धर्मा हे माझ्या आजोबांचं, मामाच्या वडिलांचं नाव. पाच वर्षांसाठी दिलं आहे. चाल त्या दोघांचीच आहे.